वाण हवाईचे, पाणी आपले

२०२४ सालच्या जुलै महिन्यात संसदेला सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात कोळंबीविषयी दोन वाक्ये होती. कोळंबीच्या जनकसाठ्यासाठी मूलपैदास केंद्रांचे जाळे उभारण्यास अर्थसाहाय्य दिले जाईल, हे पहिले. आणि कोळंबीची शेती, प्रक्रिया व निर्यात यांसाठी नाबार्डमार्फत वित्तपुरवठ्याची सोय केली जाईल, हे दुसरे. प्राप्तिकराच्या टप्प्यांवर वृत्तपत्रांची पानेच्या पाने खर्ची पडत असताना या दोन वाक्यांकडे कुणाचे लक्ष जावे, अशी अपेक्षा नव्हतीच. कोळंबीशी ज्यांचा संबंध बाजारातली टोपली आणि ताटातले कालवण एवढ्यापुरताच आहे, त्यांना हा विषय काही हजार धंदेवाईकांचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि यांतील पहिल्या वाक्यात एक असा प्रश्न दडलेला आहे की, ज्याचे उत्तर चुकले तर हा सारा खर्च उत्तम तऱ्हेने बांधलेल्या इमारतींत आणि स्वच्छ टाक्यांत जिरून जाईल, व खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या पदरात मात्र पूर्वीइतकीच अनिश्चितता पडेल. तो प्रश्न असा की, या केंद्रांत वाण निवडायचे ते कोणत्या पाण्यात?

प्रथम या धंद्याचा आवाका ध्यानात घेतला पाहिजे. २०२४-२५ या वर्षात भारतातून सुमारे ७ लाख ४१ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात झाली आणि तिचे मोल ४३ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. देशाच्या एकूण सागरी निर्यातीच्या मूल्यात दोनतृतीयांशाहून अधिक वाटा या एका जिनसाचा आहे. त्यातही बहुतेक सारा माल समुद्रात जाळे टाकून मिळवलेला नसून तलावांत वाढवलेला असतो, आणि तलावांतला बहुतेक माल एकाच जातीचा असतो. तिचे नाव व्हनामी. ही कोळंबी आपल्या समुद्रातली नव्हे. मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा पॅसिफिकचा किनारा हे तिचे माहेर. आणि आपल्या बीजनिर्मिती केंद्रांतील नर-माद्या मुख्यतः अमेरिकेतील हवाई बेटे व फ्लोरिडा येथील पैदासकारांकडून विमानाने आलेल्या असतात. चेन्नईजवळ नीलंकराई येथे त्यांना काही दिवस विलगवासात ठेवतात, त्यांची तपासणी करतात आणि मग त्या आंध्र व तमिळनाडूतील केंद्रांकडे रवाना होतात. तेथे जन्मलेली पिले, ज्यांना धंद्यात नुसते ‘बी’ म्हणतात, ती पालघर-रायगडपासून बंगालपर्यंत आणि आता तर हरियाणापर्यंत जातात.

अशी वेळ का आली, यालाही इतिहास आहे. १९९० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत भारतात कोळंबीचा जो सुकाळ झाला तो टायगर कोळंबीचा होता. तिची अंडी भरलेली मादी समुद्रातून पकडून आणावी लागे. १९९४-९५च्या सुमारास श्वेतबिंदू रोगाचा विषाणू आपल्या किनाऱ्यावर पोचला. तीन ते दहा दिवसांत अख्खा तलाव मारून टाकणारा हा रोग; आणि समुद्रातल्या त्या माद्याच तो पोटातून घेऊन येऊ लागल्या. मादी निरोगी दिसे, बी निरोगी दिसे, आणि दोन महिन्यांनी तलावाच्या कडेला तांबूस पडलेल्या कोळंबीचा खच पडे. यातून सुटण्यासाठी २००९ साली व्हनामी आणण्यास रीतसर परवानगी देण्यात आली. अट एकच, पण कडक: जनक कोळंबी ‘निर्धारित रोगमुक्त’ असली पाहिजे, आणि मान्यताप्राप्त पुरवठादाराकडूनच आली पाहिजे.

हा निर्णय त्या वेळी योग्य होता आणि त्याने धंदा वाचवला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ‘रोगमुक्त’ या शब्दाने जो गैरसमज रूढ झाला, त्याची किंमत शेतकरी आजतागायत मोजत आहे. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक, अशी समजूत अनेकांनी करून घेतली. वस्तुतः या दोहोंत दोन ध्रुवांचे अंतर आहे. रोगमुक्त कोळंबी म्हणजे ठरावीक यादीतील रोगजंतू जिच्या अंगी नाहीत आणि जी पिढ्यान्‌पिढ्या त्या जंतूंपासून दूर, बंदिस्त जागेत वाढली आहे, अशी कोळंबी. तिची ही स्थिती तिच्या रक्तातून आलेली नसते, ती तिच्या घराची स्थिती असते. घर सोडून ती खाडीच्या पाण्यात आली की ती रोगमुक्त राहात नाही. त्या रोगाशी झुंजण्याचे बळ तिच्यात असेलच असे नाही. किंबहुना ज्या शत्रूची गाठच कधी पडली नाही, त्याच्याशी लढण्याची निवडही तिच्या पूर्वजांत झालेली नसते. दाखल्यावर लिहिलेला गुण परिस्थितीचा, आणि विकत घेणाऱ्याची समजूत मात्र आनुवंशिक गुण घेतल्याची, असा हा घोटाळा आहे.

पीक बुडते तेव्हा हाच घोटाळा वादाच्या रूपाने उभा राहतो. शेतकरी म्हणतो, बी खराब होते. केंद्राचा मालक म्हणतो, त्याच पिलांचे शेजारच्या तालुक्यात उत्तम पीक आले, तेव्हा तुमचे पाणी खराब. दोघांजवळही पुरावा असतो आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. चूक असते ती प्रश्नाच्या मांडणीत. भाकरी पिठाने होते की पाण्याने, असे कुणी विचारले तर आपण हसू. पण त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तांदळाच्या पिठाला उकळते पाणी लागते. तेच पाणी गव्हाच्या कणकेत ओतले तर तिचा चिकट गोळा होतो. म्हणजे कोणते पीठ चांगले आणि कोणते पाणी चांगले, यांची उत्तरे वेगवेगळी देता येत नाहीत. शास्त्रज्ञ ज्याला जनुकप्ररूप आणि परिस्थिती यांची आंतरक्रिया म्हणतात, ती स्वयंपाकघरातल्या या अनुभवापेक्षा फार निराळी नाही. एका पाण्यात पहिला आलेला वाण दुसऱ्या पाण्यात तिसरा येतो, आणि तिथला पहिला इथे कुणाच्या खिजगणतीतही नसतो.

पैदासशास्त्रात यावरून एक जुना आणि मोठा उद्‌बोधक वाद झालेला आहे. केंब्रिजचे जॉन हॅमंड यांनी १९४७ साली असे प्रतिपादन केले की, जनावरांची निवड नेहमी उत्तमोत्तम परिस्थितीत करावी. भरपूर खाद्य, चांगला निवारा असला म्हणजे प्रत्येक जनावराचे अंगभूत गुण पुरते प्रकट होतात आणि श्रेष्ठ कोण ते स्पष्ट दिसते, असा त्यांचा युक्तिवाद. ऐकताक्षणी पटावा असाच तो आहे. परंतु १९५२ साली एडिंबरोच्या डग्लस फाल्कनर यांनी त्याला एक वेगळी दिशा दिली. ते म्हणाले, भरल्या पोटी वाढणे आणि अर्धपोटी वाढणे हा एकच गुण आहे असे धरून चालू नका. ते दोन भिन्न गुण समजा, आणि त्यांच्यात आनुवंशिक नाते किती ते मोजा. त्यांच्या उंदरांवरील प्रयोगात, पोटभर खाद्यावर निवडत आणलेल्या वंशाची सुधारणा तुटपुंज्या खाद्यावर टिकली नाही. उलट तुटपुंज्या खाद्यावर निवडलेल्या वंशाने दोन्हीकडे सुधारणा दाखवली. पुढे १९५९ साली अ‍ॅलन रॉबर्टसन यांनी एक व्यावहारिक मोजपट्टीही सुचवली. दोन परिस्थितींतील कामगिरीचे आनुवंशिक नाते पूर्ण असेल तर ते १ धरतात, ते ०.८च्या खाली गेले, तर त्या फरकाला पैदासशास्त्राच्या दृष्टीने खरोखरीचे महत्त्व आहे असे समजावे. आजही जगभरचे पैदासकार हा आकडा वापरतात.

आता कोळंबीकडे वळू. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये व्हनामीवर झालेल्या निवडीच्या कामाचा एक अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. केवळ वाढीसाठी निवडलेल्या वंशाने एका पिढीत सुमारे २१ टक्के अधिक वजन दाखवले. गाई-म्हशींची पैदास पाहणाऱ्याला हा वेग अद्‌भुत वाटेल. कोळंबीची पिढी वर्षाच्या आत येते आणि एकेक मादी एका खेपेला लाख ते अडीच लाख अंडी घालते, म्हणून हे शक्य होते. त्याच कामात दुसरा एक वंश मुख्यतः टॉरा नावाच्या विषाणुरोगाशी टिकण्याच्या गुणासाठी निवडला होता. (हा रोग इक्वादोरमधील टॉरा नदीच्या परिसरात १९९२ साली प्रथम आढळला.) त्या वंशात रोगातून जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी वाढले, मात्र तो आकाराने किंचित लहान भरला. म्हणजे एका हाताने घेताना दुसऱ्या हाताने द्यावे लागले. कोलंबियात श्वेतबिंदू रोगाबाबत जे संशोधन झाले त्याने तर अधिकच सावध केले. या रोगात तग धरण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा अगदी अल्प आढळला, आणि जो होता त्याचे वाढीशी नाते उलट होते. भराभर वाढणारी कुळे रोगात अधिक मरत होती.

इथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. परिस्थितीतील प्रत्येक फरकाने वाणांचा क्रम उलटापालटा होतो, असे मुळीच नाही. मेक्सिकोत व्हनामी दाट आणि विरळ सोडून जे अभ्यास झाले, त्यांत वाढीचा क्रम फारसा बदलला नाही. एका घनतेत जी कुळे पुढे होती तीच बहुतांशी दुसऱ्या घनतेतही पुढे राहिली. परंतु श्वेतबिंदू रोग असलेल्या आणि नसलेल्या तलावांची तुलना केली तेव्हा चित्र पार बदलले. यावरून असे दिसते की, गर्दीसारखा ताण वाण बऱ्याच अंशी पेलतात, आणि रोगासारखा आघात आला की नवीच परीक्षा सुरू होते. पैदास केंद्र काटेकोरपणे रोगमुक्त ठेवायचे म्हणजे नेमकी हीच परीक्षा तिथे कधी घेतलीच जाणार नाही. केंद्र जितके आदर्श, तितकी त्याची निवड आपल्या तलावांच्या वास्तवापासून दूर. आपल्या योजनेच्या गाभ्यातली विसंगती ती हीच.

आणखी एक धोका आहे, आणि त्यावर उघड बोलले जात नाही. मादी लाखांनी अंडी घालत असल्यामुळे मोजक्या नर-माद्यांतून साऱ्या जिल्ह्याचे बी काढता येते. परदेशी पैदासकार आपला माल विकताना अर्थातच आपली सर्व कुळे पाठवत नाहीत. विकलेल्या मालावरून कुणी परस्पर पुढची पैदास केली तर तिच्यात भावा-बहिणींचा संकर होऊन ती क्षीण व्हावी, अशीच ही रचना बहुधा असते. मालाच्या रक्षणाचे ते एक कुलूपच म्हणा ना. पण आयात मादी महाग पडते म्हणून तलावात वाढलेल्या कोळंबीतूनच जनक निवडण्याचा चोरटा मार्ग अनेक देशांत रुळला. आपल्याकडे त्याला बंदी आहे, तरी तक्रारी येतच असतात. अशा अंतःप्रजननाचा दोष स्वच्छ पाण्यात फारसा जाणवत नाही. २००७ साली हवाईतूनच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, नात्यातील संकराने होणारी हानी साध्या तलावात किरकोळ असते आणि विषाणूचा हल्ला झाला की ती कितीतरी पटीने वाढते. कॅनेडियन आनुवंशिकीतज्ज्ञ रॉजर डॉइल यांनी २०१६ साली याच सूत्रावरून असा इशारा दिला की, आशियातील कोळंबीच्या साथींमागे जंतूंइतकाच या नकली पैदाशीचाही हात असू शकेल. बी स्वस्त मिळाले म्हणून पहिल्या दोन पिकांना खूश झालेला शेतकरी तिसऱ्या पिकाला पाणी बिघडले म्हणून कपाळ बडवतो, त्यातले पाण्याचे किती आणि रक्ताचे किती, हे त्याला कोण सांगणार?

या संदर्भात इक्वादोरचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते देण्याजोगे आहेही. १९९९ साली तिथे श्वेतबिंदू रोग पोचला आणि त्या देशाचे उत्पादन कोसळले. आशियाने पुढे रोगमुक्त जनकांचा मार्ग धरला; इक्वादोरने बव्हंशी आपल्याच तलावांत साथीतून जगलेली कोळंबी वेचून पुढची पिढी काढण्याचा मार्ग चोखाळला. निवड तलावातच झाली, तलावाच्या पाण्यात, तिथल्या रोगासह. २०२२ साली त्या चिमुकल्या देशाची निर्यात १० लाख टनांवर गेली आणि आज तो जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. तथापि याची सरळ नक्कल करा असे जे सुचवतात, ते दोन गोष्टी विसरतात. एक म्हणजे तिथल्या तलावांत कोळंबी विरळ सोडतात. आपल्याकडे व्हनामीसाठी चौरस मीटरला ६० पिलांपर्यंत मुभा देण्यात आली, आणि इतक्या दाटीत रोगाचा फैलाव निराळ्याच गतीने होतो. दुसरे, व्हनामी ही त्यांच्या स्वतःच्या समुद्रातली कोळंबी असल्यामुळे रानटी साठ्यातील वैविध्य त्यांच्या हाताशी होते. आपल्याकडे आलेली व्हनामी आधीच गाळून गाळून आलेली. तिच्यातून जगलेल्या वेचल्या तरी वेचणार काय, हा प्रश्न उरतो. शिवाय जगलेली कोळंबी रोग अंगावर वागवत दुसऱ्या जिल्ह्यात नेण्याची भीती आहेच. इक्वादोरकडून घ्यायचे ते तत्त्व: ज्या पाण्यात जगायचे, त्या पाण्याची साक्ष निवडीत असली पाहिजे.

मग आपले पाणी कोणते? एकच उत्तर देता येत नाही, आणि अडचण तीच आहे. आंध्रात गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी क्षारता ऋतूगणिक बदलते आणि तिथल्या अनेक भागांत तर व्हनामी जवळजवळ गोड्या पाण्यात वाढवतात. कोकणात मृगाचा पाऊस सुरू झाला की खाडीचे पाणी बघता बघता गोडे होत जाते. उन्हाळ्यात पीक उरकले नाही तर सारा हिशोबच चुकतो. आणि हरियाणाचे काय सांगावे! तिथे समुद्र नाही. कालव्यांच्या पाण्याने जमिनी खाऱ्या झाल्या आणि खालचे भूजल शेतीला निकामी ठरले. मुंबईत वर्सोव्याला मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने रोहतकजवळ लाहली येथील आपल्या केंद्रात या पाण्यावर काम केले. ते पाणी चवीला खारे, पण घडणीने समुद्राचे नव्हे. त्यात पालाश फार कमी. त्यामुळे कोळंबीचे स्नायू आखडत आणि ती मरे. खतासाठी वापरतात तेच म्युरिएट ऑफ पोटॅश पाण्यात घालून ही उणीव भरून काढता येते, हे दाखवून देण्यात आले. आणि आज हरियाणा, पंजाब, राजस्थानातील नापीक जमिनींत पॅसिफिकची कोळंबी वाढते आहे. पाणी वाणाजोगे करून घेण्याचा हा यशस्वी प्रयोग होय. पण प्रत्येक पिकाला पालाशाचा खर्च करावा लागतो. कमी पालाशात तगणारी कुळे निवडता येतील का, हे विचारायचे तर निवड हवाईच्या स्वच्छ समुद्रजलात करून भागणार नाही.

सर्व किनाऱ्यांना समान असा नवा शत्रूही आहे. ईएचपी या लघुनामाने ओळखला जाणारा सूक्ष्म परजीवी कोळंबीच्या पचनग्रंथीत राहतो. तो तिला लगेच मारत नाही, वाढ खुंटवतो. शेतकरी रोज खाद्य टाकत राहतो आणि चार महिन्यांनी जाळ्यात बोटाएवढी कोळंबी येते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली केलेल्या अंदाजानुसार या एका परजीवीमुळे देशाचे वर्षाकाठी जवळजवळ ४ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते. श्वेतबिंदू रोगाचे नुकसान त्याच्या निम्म्याहूनही कमी भरले. हवाईत भराभर वाढते म्हणून निवडलेले कूळ ईएचपीने भरलेल्या तलावात भराभर वाढेल का? फाल्कनरच्या भाषेत सांगायचे तर हे दोन भिन्न गुण आहेत, आणि आपण पैसे मोजतो आहोत ते पहिल्यासाठी.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सारे अपरिचित वाटू नये. संकरित गाई आल्या तेव्हा हाच धडा आपण गिरवला आहे. होल्स्टीनचे रक्त जसे वाढवत न्यावे तसे गोठ्यात दूध वाढते, पण ते पाणी, हिरवी वैरण आणि सावली असलेल्या गोठ्यात. कोरड्या तालुक्यातील वैशाखात तीच गाय धापा टाकते, गोचिडांनी बेजार होते आणि दवाखान्याचे बिल दुधाचा पैसा खाऊन टाकते. परदेशी रक्त किती ठेवावे, याचे उत्तर पुस्तकात मिळाले नाही. ते गोठ्यागोठ्यांतून नोंदी ठेवूनच हळूहळू हाती आले.

म्हणूनच नियोजित मूलपैदास केंद्रांविषयी शासनाकडे आग्रह धरायचा तो नोंदींचा. केंद्र रोगमुक्तच राहिले पाहिजे, त्यात तडजोड नको. पण तेथील प्रत्येक कुळाची सख्खी भावंडे केंद्राबाहेर, निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहता येतात. लाखभर अंड्यांतील शंभर-दोनशे पिले खूण करून रोहतकच्या तलावात, शंभर-दोनशे भीमवरमच्या, तेवढीच पालघरच्या खाजणात. काही रोगाच्या परीक्षेसाठी वेगळ्या बंदिस्त प्रयोगशाळेत. बाहेर गेलेली भावंडे पुन्हा केंद्रात येणार नाहीत. त्यांची हकीकत तेवढी परत येईल. कुणाची भावंडे कुठे जगली व किती वाढली, हे पाहून केंद्रातल्या स्वच्छ टाकीत राहिलेल्या नर-मादीची निवड करायची. ही पद्धत नवी नाही. इतर देशांच्या पैदास कार्यक्रमांत ती रूढ आहे. आता तर जनुकीय खुणांवरून कूळ ओळखता येत असल्यामुळे सारी कुळे एकाच तलावात मिसळून सोडली तरी चालतात. आपल्याकडे उणीव आहे ती तलाव देणाऱ्यांची, नोंदी ठेवणाऱ्यांची आणि त्यांना दहा-पंधरा वर्षे सलग पैसा पुरवणाऱ्या धोरणाची.

हे काम खाजगी पैदासकारांवर सोडता येणार नाही का? माझ्या मते नाही, आणि कारण बाजाराच्या स्वभावात आहे. भराभर वाढ हा डोळ्यांना दिसणारा गुण आहे; त्याची जाहिरात करता येते आणि त्याची किंमत लगेच मिळते. वाईट वर्षी तग धरणे हा न दिसणारा गुण. चांगल्या वर्षी तो नुसता खर्च वाटतो. ज्याचे दहा-वीस तलाव आहेत, तो चांगल्या वर्षाच्या नफ्यावर वाईट वर्ष पचवतो आणि त्याला वाढीचा वाण परवडतो. एक-दोन तलाव भाड्याने घेऊन खाद्य-विक्रेत्याच्या उधारीवर पीक काढणाऱ्याला एक वाईट वर्ष पुरते. आपल्या देशातील कोळंबी संवर्धकांत बहुसंख्य या दुसऱ्या प्रकारचे आहेत, आणि हवाईत बसून वाण निवडणाऱ्यापर्यंत त्यांचे म्हणणे पोचण्याचा कोणताही मार्ग आज नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा पहिला भाव कुणाचा पडला हेही आपण पाहिले. बाजाराचा धोका सरकारच्या वाटाघाटींवर अवलंबून; पण तलावातला धोका कमी करणे आपल्या हातात आहे.

एक संधी अद्याप शाबूत आहे. आपल्या समुद्रातली पांढरी कोळंबी, इंडिकस, हिच्या आनुवंशिक सुधारणेचा कार्यक्रम निमखारे जलजीव संस्थेने २०२२ साली सुमारे २५ कोटी रुपयांच्या तरतुदीनिशी हाती घेतला. वाढीच्या बाबतीत ती व्हनामीच्या मागे आहे, आणि तीन-चार पिढ्यांत ती गाठेल असे कुणी सांगू नये. व्हनामीच्या मागे तीन दशकांची निवड उभी आहे. पण तिचा रानटी साठा आपल्याच किनाऱ्यावर आहे, म्हणजे जे वैविध्य इक्वादोरजवळ होते ते या जातीत आपल्याजवळ आहे. आणि तिची निवड कोणत्या पाण्यात करायची हे अजून कुणी दुसऱ्याने ठरवून टाकलेले नाही. व्हनामीच्या घाईत या कार्यक्रमाचा पैसा आटू नये.

दरम्यान, नव्या केंद्रांतून पहिले जनक बाहेर पडायला काही वर्षे लागतील. तोवर करण्याजोगी एक गोष्ट अगदी साधी आणि बिनखर्ची आहे. बीजनिर्मिती केंद्रातून पिलांच्या पिशव्यांबरोबर जो दाखला मिळतो, त्यावर ती कोणकोणत्या जंतूंपासून मुक्त आहेत हे आजही असते. त्याच दाखल्यावर आणखी तीन रकाने असावेत: जनक कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या वंशाचे, त्यांची निवड कोणत्या क्षारतेच्या पाण्यात झाली, आणि ती करताना कोणत्या रोगाची परीक्षा घेतली होती किंवा नव्हती. तिसरा रकाना बहुतेक दाखल्यांवर कोराच राहील. तो कोरा आहे एवढे तरी पैसे मोजण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती लेखी पडावे, आणि तटीय जलसंवर्धन प्राधिकरणाला तसा नियम करण्यासाठी नव्या केंद्रांची वाट पाहण्याचे काही कारण दिसत नाही.